पहिला तुकडा

पळसदरीच्या फाट्याजवळचं पिझ्झ्याचं दुकान एका वर्षी ऐन हंगामात महिनाभर बंद होतं. ते माझ्यामुळे. लोकांनी तेव्हा वेगवेगळी कारणं सांगितली. कुणी म्हणालं, भट्टीला तडा गेलाय. कुणी म्हणालं, मालक आजारी आहे. खोपोलीकडून दर रविवारी येणाऱ्या सायकलवाल्यांनी तर मालक वारले असं ठरवलं आणि ते बंद शटरसमोर हेल्मेट काढून दोन मिनिटं उभे राहिले. मालक बाजूच्या खिडकीतून त्यांना बघत होते. "शिस्तीची पोरं आहेत," असं ते मला नंतर म्हणाले.

खरं कारण मला माहीत होतं. ज्यांना ते सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर मी रोज संध्याकाळी बसत होतो आणि सांगत नव्हतो.

मालकांना मी साहेब म्हणायचो, कारण ते खरोखरच माझे साहेब होते. रसायनीत, मोहोपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. आलेला नमुना तपासायचा आणि निकाल लिहायचा, एवढंच माझं काम. नवीन असताना मी एका निकालाखाली 'चांगला' असं लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं.

"चांगला म्हणजे काय?"

"म्हणजे... छान आहे, साहेब."

"छान तुझ्या मेहुणीचं लग्न. इथे कमी, जास्त किंवा बरोबर. चौथा शब्द मला दिसता कामा नये."

त्यानंतर प्रयोगशाळेत मी चौथा शब्द वापरला नाही. घरी मात्र मी चौथ्याच शब्दावर जगत होतो. त्याचं कारण जुनं आहे. माझे वडील आमटीत मीठ जास्त पडलं की ताट सारून उठायचे. एकदा ते उठून गेल्यावर आईने तीच आमटी स्वतःच्या भातावर ओतून घेतली आणि मला म्हणाली, "अन्नाला नावं ठेवू नयेत, बाळा." मी तेव्हापासून ठेवली नाहीत. माझ्या पानात जे येईल ते छान असतं. याला लोक संस्कार म्हणतात. मीही म्हणत होतो.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याने निरोप समारंभाला पिझ्झे मागवले होते. ते लांबून आले होते आणि थंड होते. सगळ्यांनी भाषणं केली. साहेब उत्तराला उठले. इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पिझ्झ्याचा तळ ओला का राहतो, यावर बोलले. पुठ्ठ्याच्या खोक्यात वाफ कोंडते, ती खाली बसते, शिवाय मुळात भट्टीच्या फरशीत ताप नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बोलून झाल्यावर ते नारळ आणि शाल घेऊन घरी गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी पळसदरीला, बायकोच्या नावावर असलेल्या तुकड्यावर, भट्टी बांधायला घेतली. बायको आधीच गेली होती, त्यामुळे विरोधाला कुणी नव्हतं.

विटा पोशीरच्या बाजूच्या वीटभट्टीवरून आल्या. पहिली भट्टी त्यांनी स्वतःच पाडली, कारण धूर पूर्वेकडे झुकत होता. दुसरीचा धूर सरळ गेला. दुकानाला नाव नव्हतं. पत्र्याच्या पाटीवर एवढंच होतं:

पिझ्झा. तीन प्रकार. चौथा नाही. केचप नाही. फोटो खाल्ल्यावर काढावा.

"काका, तुम्ही इटलीला होता का?" असं मुंबईची मंडळी हमखास विचारायची.

"रसायनीला होतो," साहेब म्हणायचे.

पीठ मळायला त्यांनी पळसदरीच्या धरणाच्या वरच्या ठाकरवाडीतली चांगुणा ठेवली होती. हात दणकट आणि जीभ तशीच. तिने इतके पिझ्झे बनवले, पण एकदाही तोंडात घातला नाही. साहेबांनी आग्रह केला तर म्हणायची, "नगं बाबा. त्यां चीज म्हंजे साबन चगळल्यागत लागतंय. तुमी खा, तुमाला पेन्शन हाय."

भट्टी सुरू झाली त्या वर्षी साहेबांनी मला सोबत घेऊन आसपासच्या सगळ्या पिझ्झ्यांचे नमुने तपासले. सुट्टीच्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते निघायचे, खिशात स्वतःचा चमचा. नेरळला माथेरानच्या पाहुण्यांसाठी मिळतो तो, कर्जत स्टेशनबाहेरचा बटाटावडा कुस्करून घातलेला, मोहोपाड्याच्या कॉलनीतला मक्याचा, आणि खालापूरच्या पुढचा शेजवान. प्रत्येक ठिकाणी ते आधी पिझ्झा उलटा करायचे. खालापूरच्या मालकाने हे पाहिलं.

"काका, काय सांडलं का?"

"तळ ओला आहे."

"अहो काका, एवढं वर घातलंय, ते बघा की. खाली कशाला बघताय?"

साहेबांनी मान डोलावली. बाहेर येऊन मला म्हणाले, "हा माणूस खरं बोलला. पिझ्झा खोटा आहे." आणि मग, "तुला कसा वाटला?"

"तळ ओला," मी म्हणालो.

मला तो आवडला होता. मोहोपाड्याचा तर त्याहून आवडला होता, त्यावर मक्याचे दाणे आणि भरपूर गोड केचप असतं. अजूनही या दोन तालुक्यांत माझा सगळ्यात आवडता पिझ्झा तोच आहे. हे आज सांगायला हरकत नाही, कारण साहेब आता पुण्याला मुलीकडे असतात. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून ते गेले. तो दोष माझा नाही. दुकान चांगुणा आणि तिची सून चालवतात. आता केचप मिळतं.

मोठ्या साथीत साहेबांनाही ताप आला. तो उतरला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. लोकांची महिन्या-दोन महिन्यांत परत आली, साहेबांची आली नाही. त्यांनी एका वाटीत साखरेचं पाणी आणि दुसऱ्या वाटीत मिठाचं घेऊन माझ्यासमोर चाखलं.

"दोन्ही बरोबर," ते म्हणाले. त्यांना विनोद करताना मी तेवढं एकदाच ऐकलं. मग म्हणाले, "माझं उपकरण गेलं. आता तुझं वापरतो."

मी म्हणालो, "साहेब, मी कसा... चांगुणा आहे ना."

"ती खात नाही. शिवाय तू कमी, जास्त, बरोबर शिकलेला आहेस. आणि कुणाला बोलायचं नाही. मुलीला कळलं तर ती मला पुण्याला नेईल. तिथे बाल्कनी आहे." बाल्कनी हा शब्द त्यांनी एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसा उच्चारला.

दुकान शुक्रवार ते रविवार संध्याकाळी उघडायचं. कामावरून घरी येऊन, हातपाय धुऊन मी कर्जतहून पळसदरीला जायचो. भट्टीतून पहिला पिझ्झा निघायचा, साहेब त्याचा पहिला तुकडा माझ्यापुढे धरायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

"मीठ?"

"बरोबर."

"आंबट?"

"जास्त."

मग चांगुणा टोमॅटोच्या रसात काहीतरी घालायची, दुसरा तुकडा यायचा, आणि मी बरोबर म्हटल्याशिवाय शटर वर जायचं नाही. मला वाटतं, माझ्या आयुष्यात खाण्याबद्दल मी खरं बोललो ते तेवढंच. त्या भट्टीसमोर मला अन्नाला नावं ठेवायची परवानगी होती. मला ते आवडायला लागलं होतं. घरी परतताना मी जरा ताठ बसून गाडी चालवायचो.

आणि मग तो शनिवार आला.

मी पोचलो तेव्हा दुकानासमोर पुण्याची गाडी उभी होती. साहेबांची मुलगी न कळवता आली होती. मी तिला ताई म्हणतो, ती मला काका म्हणते, आणि दोघांचंही वय जवळपास सारखं आहे. ती भट्टीजवळ हाताची घडी घालून उभी होती. पहिला पिझ्झा निघाला. साहेबांनी नेहमीप्रमाणे तुकडा माझ्यापुढे धरला, पण आज तोंडाने काही विचारलं नाही, फक्त भुवया वर केल्या.

मी घास घेतला. जीभ आतल्या आत मुरडली. नंतर कळलं ते असं, की साहेबांनी सकाळी रसात मीठ घातलं होतं आणि दुपारी चांगुणाने, म्हातारा विसरला असेल म्हणून, माया करून पुन्हा मूठभर घातलं होतं.

"बाबा, काकांना का चाखायला देता?" ताईने विचारलं. "तुम्ही नाही चाखत?"

"याला फुकट खायची सवय आहे," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "काय रे?"

मी जास्त म्हटलं असतं, तर दुसरा तुकडा आला असता, तोही मीच खाल्ला असता, आणि ताईच्या लक्षात यायला वेळ लागला नसता. मला त्यांची बाल्कनी दिसत होती. हे माझं कारण. हे खरं कारण आहे, पण पूर्ण नाही. चांगुणा पिठाच्या हाताने उभी होती, साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते, पाहुणी समोर होती, आणि माझ्या तोंडात अन्न होतं. अशा वेळी माझ्या तोंडातून काय निघतं ते मला माहीत आहे.

"बरोबर," मी म्हणालो.

ताईचा शनिवारचा उपास होता. तिने खाल्लं नाही. तासाभराने ती निश्चिंत होऊन पुण्याला गेली. ती गेल्यावर साहेबांच्या कानात सांगता आलं असतं. पण मी थांबलोच नव्हतो. घरी पाहुणे आहेत असं सांगून निघालो. पाहुणे नव्हते. कर्जतच्या चारफाट्याला पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली, मागे जावं का याचा विचार केला, आणि पुढे गेलो.

पुढचं चांगुणाने मला दुसऱ्या दिवशी बंद शटरसमोर सांगितलं.

"भाऊ, काल आमी पिझ्झा नाय इकला. नुसता पानी इकला. समदी मान्सां छान छान म्हनत व्हती नि बाटल्यांव बाटल्या मागत व्हती. एक म्हातारा तर दोन घासांत घामाघूम. त्याला इचारला, बाबा काय झाला? तर बोलला, काय नाय बाई, छान हाय."

म्हणजे त्या संध्याकाळी पळसदरीत माझ्यासारखी बरीच माणसं जमली होती.

साहेबांची सवय होती, परत आलेल्या ताटल्या ते स्वतः बघायचे. त्या दिवशी निम्मे पिझ्झे परत आले होते आणि पाण्याचं कपाट रिकामं झालं होतं. त्यांनी चांगुणाला तुकडा चाखायला सांगितला. तिने पहिल्यांदाच तो तोंडात घातला आणि बाहेर जाऊन थुंकली. "मिठागर हाय, बाबा," ती म्हणाली. साहेबांनी भट्टीतली लाकडं ओढून बाहेर काढली आणि त्यांवर पाणी ओतलं.

"रागावलेत का माझ्यावर?" मी तिला विचारलं.

"रागावत्यात कशाला? तुमच्यासाठी हळहळत व्हते."

का, ते मला सोमवारी कळलं. साहेब आमच्या घरी आले. ते कधीच कुणाच्या घरी जात नसत. हातात कापडी पिशवी होती. बायकोने दार उघडलं.

"वहिनी, याचीही गेली," ते म्हणाले.

"काय गेलं?" बायको घाबरली.

"चव."

त्यांचा तर्क सरळ होता. मीठ उघड जास्त होतं. मी बरोबर म्हणालो. मी खोटा निकाल देणार नाही. म्हणून उपकरण बिघडलेलं असणार. या तर्कात एकच गोष्ट चुकीची होती, आणि ती त्यांना कधी तपासून बघावीशी वाटली नव्हती.

"साहेब, तसं नाही..." म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात लवंग ठेवली.

"चाव. काही?"

लवंग झणझणत टाळूला भिडली. साहेब माझ्या चेहऱ्याकडे असे बघत होते, जसे आजारी मुलाकडे बघतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी साधं 'बस' म्हटलं नव्हतं. आता त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

"काही नाही," मी म्हणालो.

"घाबरू नकोस. मी आहे."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला चव नाही, हे मला कसं कळलं नाही?" आणि क्षणभर विचार करून म्हणाली, "कळणार तरी कसं? होती तेव्हा तरी तुम्ही काय बोलायचात?" त्या रात्री तिने मुद्दाम आळणी आमटी वाढली. मी नेहमीप्रमाणे छान म्हटलं. तिने डोळ्याला पदर लावला.

त्यानंतर रोज संध्याकाळी बंद दुकानात आमचा सराव चालायचा. पिशवीतून छोट्या बाटल्या निघायच्या: लवंग, लिंबाची साल, कॉफी, निलगिरीचं तेल. वास घेऊन घेऊन तो परत येतो, असं त्यांना एका डॉक्टरने सांगितलं होतं. ते स्वतः वर्षभर हे करत होते आणि मला कधी बोलले नव्हते. आता सोबत मिळाली म्हणून त्यांना बरं वाटत होतं. आम्ही डोळ्यांवर नॅपकिन बांधून बसायचो आणि बाटल्या एकमेकांकडे द्यायचो.

"काही?"

"काही नाही, साहेब."

"मलाही नाही. पुढची."

निलगिरीने माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा त्यांनी माझा नॅपकिन हातात घेतला.

"ओला कसा?"

"पत्रा गळतोय, साहेब."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर साहेब त्या वयात शिडी लावून छपरावर चढले होते आणि डांबराचा डबा घेऊन गळती शोधत होते. खाली चांगुणा शिडी धरून ओरडत होती, "ओ बाबा, खाली उतरा! पडलाव तं तुमाला खांद्याव कोन नेणार? मी नाय नेणार!"

"भोक सापडत नाही," साहेब वरून म्हणाले.

मी खाली उभा राहून त्यांना भोक कुठे असेल ते दाखवत राहिलो. यापेक्षा वाईट काही मी आयुष्यात केलं असेल असं मला वाटत नाही.

मग एका संध्याकाळी दुकानासमोर एक माणूस जागा पावलांनी मोजताना दिसला. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी गाड्या लावायला जागा हवी होती त्याला. साहेबांनी ताईला फोन करून येतो म्हणून कळवलं होतं. "दोन्ही उपकरणं गेली. प्रयोगशाळा बंद," ते मला म्हणाले. आवाजात काही नव्हतं. भट्टीचं काय, असं मी विचारलं. "तो पाडेल," ते म्हणाले.

चांगुणा मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, तुमची जीब कदी यायची रं देवा? माजी लावनी झाली. आता मला काम पायजे. गाड्या काय मी मळू?"

त्या दिवशी थोडं पीठ शिल्लक होतं. वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी भट्टी पेटवली. चांगुणाला घरी पाठवलं. फरशीवर चिमूटभर मैदा टाकून त्याचा रंग बघितला, लांब दांड्याच्या फळीने पिझ्झा आत सरकवला, फिरवला, काढला. आधी उलटा करून बघितला. तळ कोरडा होता. मग कापला आणि सवयीने पहिला तुकडा माझ्यापुढे धरला. या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. स्वतःही एक तुकडा घेतला आणि आम्ही दोघे चावत बसलो, दोन बिघडलेली उपकरणं.

कडा कुरकुरीत होती, टोमॅटो गोडसर लागत होता, आणि मीठ नव्हतं. मुळीच नव्हतं. त्या शनिवारनंतर साहेब मिठाला भ्यायले होते.

"कमी," मी म्हणालो.

त्यांचं चावणं थांबलं.

"काय म्हणालास?"

"मीठ. कमी आहे, साहेब."

साहेब उभे राहिले. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. मी त्यांना निरोप समारंभात पाहिलं होतं, मुलीच्या लग्नात पाहिलं होतं, पण त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. "आली!" ते म्हणाले. "अरे, तुझी आली! कशाने आली? निलगिरीने?"

मला हो म्हणता आलं असतं. दुकान तरीही चालू झालं असतं. साहेबांना बाल्कनीत जावं लागलं नसतं, चांगुणाला काम मिळालं असतं, आणि वर त्यांचीही चव एक दिवस येईल, अशी त्यांना आशा लागली असती. त्यांनी मग ती बाटली किती वर्षं हुंगली असती, कोण जाणे.

"गेलीच नव्हती," मी म्हणालो.

हात अजून माझ्या खांद्यांवरच होते.

"त्या शनिवारी मीठ जास्त होतं. पहिल्याच घासाला कळलं. मी बरोबर म्हणालो आणि घरी निघून गेलो. मग तुम्ही लवंग आणलीत. तीही मला लागत होती. सगळं लागत होतं. मी तुम्हाला खोटा निकाल दिला, साहेब, आणि महिनाभर देत राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."

साहेबांनी हात काढून घेतले. खाली बसले. उरलेला तुकडा उलटा करून त्याचा तळ पुन्हा बघितला. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि पत्रा?"

"गळत नव्हता, साहेब. त्याचीही माफी मागतो."